सह्याद्रीसाठी बनवून घेतलेला चाकू: पातं, पाणी आणि खाडीची हवा

येऊरच्या पाड्यांवर किंवा शहापूर-मुरबाडकडे ज्याच्या कमरेच्या आकडीत कोयता अडकवलेला असतो, त्याला जंगलातल्या कामासाठी दुसरं हत्यार लागत नाही. फांदी, बांबू, नारळ, करवंदीची जाळी, सगळं त्या एका कोयत्यावर निभतं. हाताने घडवलेला चाकू बनवून घ्यायचा विचार करणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. ‘सर्व्हायव्हल’ या नावाखाली ज्या जाड, जड, आठ-नऊ इंची पात्यांची हौस केली जाते, ती पाती कोयत्याचं काम कोयत्यापेक्षा वाईट करतात आणि चाकूचं काम तर धड करतच नाहीत. तोडायचं काम कोयत्यालाच राहू द्या. चाकूकडे उरतं ते बारीक आणि नेमकं काम: भिजलेल्या लाकडाच्या गाभ्यातून कोरडी सालपटं काढणं, खुंटीला खाच पाडणं, दोरी आणि पट्टे कापणं, मासा साफ करणं, कांदा चिरणं, फेरो रॉडवर (खरवडली की ठिणग्या देणारी मिश्रधातूची कांडी) ठिणगी पाडणं. एवढं ठरलं की चाकूचा आकारही बराचसा ठरतो.

माझ्या मते या भागासाठी पातं ११० ते १२० मिमी लांब, साधारण ३० मिमी रुंद आणि पाठीकडे ४ मिमी जाड असावं. ६ मिमी जाडीचं पातं हातात घेतल्यावर भक्कम वाटतं, पण लाकडात शिरताना ते कापत नाही, पाचरीसारखं फाकवतं. टोमॅटोवर तर ते दाबूनच चालवावं लागतं. जाडीपेक्षा महत्त्वाचा असतो पात्याचा उतार. पाठीपासून धारेपर्यंत पूर्ण सपाट उतार द्यायला सांगा आणि धार लावण्याआधी धारेच्या मागची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगा. हा आकडा कारागिराला स्वतःहून सांगितलाच पाहिजे. न सांगितल्यास बरेच जण एक मिलिमीटरवर थांबतात, कारण तिथे पातं तापून वाकायची भीती कमी असते. मग घरी कितीही धार लावा, चाकू कापताना अडतोच.

पाठ दोन्ही बाजूंनी काटकोनात, टोकदार कडांची हवी. मुठीकडच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये तरी कड गोल करू नये, फेरो रॉड तिथेच खरवडायचा असतो. ठिणगी रॉडच्या मिश्रधातूची असते, पोलादाची नव्हे. पोलादाने फक्त तीक्ष्ण कडेने ती खरवडून काढायची. अंगठा टेकतो तेवढा पुढचा भाग मात्र कानशीने हलका मारून घ्यावा, नाहीतर अर्धा तास कोरकाम केल्यावर अंगठ्याला फोड येतो. करवतीसारखे दाते पाठीवर मागू नका. ते लाकूड कापत नाहीत, आणि लाकडात पातं ठोकताना वरचा दांडका मात्र फाडून टाकतात. पोकळ मूठ आणि त्यात गळ-दोरा ठेवायची कल्पना त्याहून वाईट, कारण तिथे पातं आणि मूठ यांना धरून ठेवायला दोन-तीन सेंटिमीटरच पोलाद उरतं.

मुठीत जाणारा पात्याचा भाग, म्हणजे टँग, मुठीच्या पूर्ण रुंदीचा आणि लांबीचा असावा. वजन कमी करायला त्यात भोकं पाडतात, त्याला हरकत नाही, पण पहिलं भोक पात्याच्या सुरुवातीपासून निदान १५ मिमी मागे हवं. चाकू मोडतो तो बहुतेक वेळा इथेच, पातं आणि मूठ यांच्या सांध्यात. आतला कोपरा काटकोनात कापलेला असेल तर ताण एका रेषेत साठतो आणि पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कठीण केलेलं, पोलाद तिथून तडकतं. कोपऱ्याला २ मिमी त्रिज्येची गोलाई असली की तोच चाकू वर्षानुवर्षं टिकतो. धारेचा उतार जिथे संपतो त्या रेघेलाही हाच नियम.

मुठीचं माप हातावरून घ्यायचं. तळहाताची रुंदी मोजा, त्यात २० ते २५ मिमी मिळवा, ती लांबी. आधी पुठ्ठ्यावर आकार काढा, मग ४ मिमी प्लायवूडवर कापा, दोन्ही बाजूंना थर्माकोल किंवा लाकडाच्या पट्ट्या चिकटवा आणि अर्धा तास तो नुसता हातात धरून कोरण्याच्या हालचाली करा. कुठे टोचतं ते दहाव्या मिनिटाला कळायला लागतं. बोटांसाठी खोलगट खाचा बनवून घेण्याचा मोह टाळा. चाकू चार-पाच पद्धतींनी धरावा लागतो, खाचा एकाच पकडीला बसतात. पुढे बोट धारेवर घसरू नये एवढा उंचवटा हवा, आणि मागे मूठ थोडी रुंद होत गेलेली हवी. घामाने किंवा पावसाने हात ओला असताना हे दोन्ही जपतात.

मुठीला लाकूड घ्यायचं असेल तर शिसव किंवा बाभूळ चांगली. साग त्यांच्यापेक्षा हलका आणि उघड्या रेषांचा. पण खरं सांगायचं तर कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कुठलंही लाकूड जूनमध्ये फुगतं आणि डिसेंबरमध्ये आकसतं. पोलाद त्याच्याबरोबर हलत नाही, त्यामुळे मधला इपॉक्सी गोंदाचा थर हळूहळू सुटतो. कापड आणि रेझिन दाबून बनवलेला मायकार्टा किंवा विजेच्या पॅनेलमध्ये वापरतात ती ग्लास इपॉक्सी शीट या हवेत जास्त भरवशाची. मायकार्टाला शेवटचा पॉलिश हात मारू नये. २२० नंबरच्या पॉलिशपेपरवर थांबलेली मूठ ओल्या हातात घट्ट बसते.

इपॉक्सी आणि कायमच्या रिव्हेटऐवजी बोल्टने आवळलेल्या, उघडता येणाऱ्या मुठीचा मी कायम आग्रह धरतो. कारागिरांना ते थोडं कंटाळवाणं काम वाटतं, पण खाडीच्या काठावर राहणाऱ्याला त्याशिवाय गत्यंतर नाही. चिकटवलेल्या मुठीत पाणी एकदा केसाएवढ्या फटीतून शिरलं की आत गंज धरतो आणि बाहेरून वर्षभर काहीच दिसत नाही. नंतर सांध्यावर तपकिरी रेघ उमटते, तेव्हा आतलं पोलाद खड्डे पडून गेलेलं असतं. बोल्ट स्टेनलेसचे, मुठीत बुडणारे, ॲलन चावीचे घ्यावेत.

या मापात, ४ मिमी पाठीचा आणि मायकार्टाच्या मुठीचा चाकू १८० ते २२० ग्रॅम भरतो. त्याच्या वर गेला तर काहीतरी जाड राहिलंय असं समजा.

पोलाद आणि त्याचं पाणी

आपल्याकडे ‘पाणी दिलेलं’ हा शब्द हत्याराच्या कणखरपणासाठी वापरतात, आणि तो अचूक आहे. पोलाद कोणतं यापेक्षा त्याला पाणी कसं दिलं यावर चाकू ठरतो. तरी निवड करायचीच असेल तर जंगलात वापरायच्या चाकूला ५१६० उत्तम. हे गाडीच्या कमानीच्या पाट्याचं पोलाद: कार्बन साधारण ०.६ टक्के, क्रोमियम ०.८ टक्क्याच्या आसपास. मार खातं, वाकून परत सरळ होतं, सहज तुटत नाही. धार जास्त वेळ टिकावी असं वाटत असेल तर बेअरिंगचं ५२१००, म्हणजे कार्बन १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्का. टूलरूममध्ये ज्याला ओएचएनएस म्हणतात ते तेलात विझवायचं पोलादही चांगलं, धार सुरेख घेतं, पण गंजायला या तिघांत तेच पुढे. डी२ हे १२ टक्के क्रोमियमचं डायचं पोलाद लोक गंजत नाही म्हणून मागतात. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनबरोबर बनलेल्या कठीण कणांत, अडकलेलं असतं, त्यामुळे ते खाडीच्या हवेत डागाळतंच, आणि लाकडात ठोकताना धारेचे कण उडण्याची शक्यता ५१६०पेक्षा बरीच जास्त. स्वयंपाकघरातल्या सुरीला ते ठीक.

भंगारातला ट्रकचा पाटा घेऊन चाकू बनवणारे कारागीर आहेत, त्यांची हातोटी वादातीत असते. पण वापरलेल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी पडलेल्या सूक्ष्म भेगा असू शकतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय सगळे पाटे ५१६०चे नसतात. सिलिकॉन-मँगनीजचे पाटेही सर्रास असतात, त्यांना पाणी द्यायचं तापमान वेगळं असतं. कळंबोलीचा पोलाद बाजार हाकेच्या अंतरावर असताना टेस्ट सर्टिफिकेटसह नवी पट्टी घेणं सोपं आहे. एका चाकूला २५० मिमी पट्टी पुरते, तरी ३०० मिमी घ्या. उरलेल्या तुकड्याला चाकूबरोबरच पाणी द्यायला लावा आणि नंतर तो शिकंज्यात धरून मोडून बघा. तुटलेल्या जागी दाणा राखाडी, मऊ, मखमलीसारखा दिसला तर काम नीट झालं. साखरेसारखे चमकणारे मोठे कण दिसले तर पोलाद जास्त तापलं होतं आणि तो चाकू थंडीच्या सकाळी दगडावर पडला तरी तुटू शकतो.

५१६०ला साधारण ८३० ते ८४५ अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटं ठेवून तेलात विझवतात. ‘पाणी’ हा शब्द असला तरी या पोलादाला पाणी चालत नाही, पाण्यात ते तडकतं. तेलही ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं हवं. थंड तेल घट्ट असतं आणि पोलादाभोवती नीट फिरत नाही. भट्टीवर अंदाजाने काम करणारे पोलादाला चुंबक चिकटायचं थांबलं की लगेच विझवतात. चुंबकत्व सुटतं ७७० अंशांच्या आसपास, म्हणजे हवं त्यापेक्षा साठ-सत्तर अंश आधी. अशा चाकूची धार पहिल्या बांबूतच लोळते. विझवल्यावर लगेच, हाताला सोसवेल इतका गार झाला की, २०० अंशांच्या आसपास दोन तास टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं), मग गार करून पुन्हा दोन तास. ५७ ते ५८ रॉकवेल सी एवढा कठीणपणा येतो, तो या कामाला नेमका. ६१-६२ मागू नका.

कारागिराकडे तापमान दाखवणारी भट्टी नसेल तर पातं घडवून झाल्यावर हीट ट्रीटमेंट वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यातल्या एखाद्या युनिटकडून करून घ्यायला सांगा. तिथे एक-दोन नग घ्यायला कधीकधी का-कू करतात, कारण त्यांचं काम शेकड्याने चालतं. त्याच पोलादाच्या दुसऱ्या मालाबरोबर आपलं पातं भट्टीत जाईल अशी विनंती करावी आणि कठीणपणाचा आकडा लिहून घ्यावा. आकडा लिहून मिळतो, ही मोठी गोष्ट आहे.

चाकू हातात आला की आधी धारेकडून डोळा लावून पाहा. पातं सरळ आहे का, धार बरोबर मध्ये आहे का, दोन्ही बाजूंचे उतार सारखे आहेत का. मूठ उजेडाकडे धरून फट शोधा. पाणी दिलेल्या पात्यावर कानस घसरली पाहिजे, चावता कामा नये. मात्र ही परीक्षा धारेजवळ न करता पाठीवर, मुठीजवळ करा. मग ६ मिमी पितळी सळईवर धार साधारण २० अंशांत टेकवून दाबत ओढा. धार किंचित वाकून परत जागेवर आली पाहिजे. वाकलेली तशीच राहिली तर पोलाद मऊ, कण उडाले तर कडक. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा: नव्या चाकूची पहिली धार बऱ्याचदा निराश करते. भट्टीत वरच्या थरातलं कार्बन थोडं जळलेलं असतं, शिवाय पट्ट्यावर घासताना धारेचं टोक तापलेलं असतं. दोन-तीनदा दगडावर धार लावली की खालचं चांगलं पोलाद उघडं पडतं. तक्रार त्यानंतर करावी.

कुठे न्यायचा, कुठे नाही

हा भाग टाळून पुढे जाऊ नये. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र म्हणून मोजली जातात; घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. वर सांगितलेला चाकू साडेचार इंचांचा, त्यामुळे तो या मापाच्या आतच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयं वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्या काळात सुरे वगैरे बाळगून सार्वजनिक ठिकाणी फिरायला बंदी असते. निवडणुका, सण, आंदोलनं यांच्या आगेमागे हे आदेश हमखास असतात. निघण्याआधी पाहून घ्या.

त्याहून कडक नियम जंगलाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू आहे, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे येऊर, कर्नाळा, तानसा, तुंगारेश्वर, भीमाशंकर इथे हा चाकू न्यायचाच नाही, सॅकच्या तळाशी गुंडाळूनसुद्धा नाही. तिथे आग पेटवायलाही मनाई आहे, तेव्हा त्याचं तिथे काही कामही नाही. राखीव वनातली लाकडं तोडणं हाही गुन्हाच. उरतं काय, तर स्वतःची किंवा ओळखीच्या माणसाची शेतजमीन, परवानगीने लावलेला तळ, मुरबाड-कर्जतकडचं फार्म. सराव तिथे करायचा. बसमध्ये, लोकलमध्ये चाकू कमरेला लावून फिरू नये. म्यानात घालून, कापडात बांधून, सॅकमध्ये सर्वांत खाली ठेवावा. आपल्याला तो हत्यार वाटत नाही, पण समोर बसलेल्याला त्याचं काम दिसत नाही, धार दिसते.

सरावाच्या लाकडासाठी एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या पाईन फळ्या फार उपयोगी. मऊ, सरळ रेषांच्या, सालपटं शिकायला सोप्या. खिळे आधी उपटून घ्या, एका खिळ्याने धारेला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडतो. पॅलेटवर शिक्का असतो: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी शिक्क्याचं लाकूड जाळू नका.

लाकूड फोडताना

पावसाळ्यात बाहेरचं लाकूड चिंब असतं, पण उभ्या वाळलेल्या फांदीचा गाभा बहुधा कोरडा मिळतो. त्यासाठी मनगटाएवढा ओंडका उभा ठेवून पातं रेषेच्या दिशेने टेकवायचं आणि पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकायचं. ओंडक्याचा व्यास पात्याच्या लांबीपेक्षा निदान ४ सेंटिमीटरने कमी हवा, म्हणजे टोकाचा भाग बाहेर राहतो आणि त्यावर ठोकता येतं. ११५ मिमी पात्याला सात सेंटिमीटरचा ओंडका ही मर्यादा. दांडका लाकडीच. दगडाने किंवा हातोडीने ठोकलं की पाठ पसरते आणि कधी तडकतेही. गाठ असलेला ओंडका सरळ बाजूला टाका. पातं अडकलं तर बाजूला पिरगाळायचं नाही, चाकू तुटायचं हे सगळ्यांत सामान्य कारण. उलट्या बाजूने लाकडी पाचर ठोकून फट रुंद करा आणि पातं वर काढा. मुठीवर ठोकणं तर कधीच नाही.

गाभ्याची अंगठ्याएवढी काठी मिळाली की एक टोक ओंडक्यावर टेकवायचं, मनगट आणि कोपर घट्ट ठेवायचे आणि हात न हलवता अंग पुढे झुकवत पातं खाली ढकलायचं. सालपट कुरळं होऊन काठीलाच चिकटून राहिलं पाहिजे. तुटून पडत असेल तर कोन जास्त आहे, पातं आणखी आडवं करा. पंधरा-वीस बारीक सालपटांच्या तीन-चार काठ्या असल्या तर व्हॅसलिन लावलेल्या कापसाच्या एका बोळ्यावर पावसातही विस्तव धरतो.

बांबू मात्र वेगळं प्रकरण. फुटायला सोपा, पण त्याच्या सालीत सिलिका असते, ती धार भराभर खाते. मानवेल बांबूची वीसेक फुटं चिरली की धार उतरलेली कळते. आणि पेरं बंद असलेला बांबू विस्तवात टाकू नका, आतली हवा-वाफ कोंडून तो फुटतो.

बसण्याची पद्धत चाकूइतकीच महत्त्वाची. कोपरं गुडघ्यांवर टेकवून, काम गुडघ्यांच्या पुढे करावं. मांड्यांच्या मध्ये कधीही कापू नये, तिथल्या मोठ्या धमनीला जखम झाली तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो, आणि मुरबाड-कर्जतकडच्या आडबाजूच्या फार्मवर काही मिनिटांत कोणी पोचत नाही. हात पसरून चारही बाजूंना कोणी नाही हे पाहूनच पातं म्यानाबाहेर काढायचं. दुसऱ्याला देताना आधी म्यानात घालायचं.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने. सर्पदंशावर चाकूने चिरा देऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांपैकी कोणाच्याही विषावर चिरा देण्याने काही फायदा होत नाही. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, तिथे चिरा म्हणजे न थांबणारा रक्तस्राव. दंश झालेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठ्या-कडी काढून ठेवायची, १०८ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचायचं. चाकू सॅकमध्येच राहू द्या.

धार

रोजच्या वापराला १००० नंबरचा पाण्याचा दगड, शेवटी ३००० आणि चामड्याचा पट्टा एवढं पुरे. ४०० नंबर फक्त धारेला खड्डे पडले असतील तेव्हा. दगड दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. पातं दगडावर ठेवून पाठीखाली साधी पेन्सिल जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे सात-आठ मिलिमीटर फट ठेवा. ३० मिमी रुंद पात्याला यातून साधारण १७ ते २० अंशांचा कोन मिळतो. धारेवर मार्करने काळी रेघ ओढून दोन हात मारा. शाई फक्त वरून गेली तर कोन कमी, फक्त टोकावरून गेली तर जास्त. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडे बारीक कंगोरा उभा राहतो, कारखान्यात त्याला बर म्हणतात. बोट धारेवर आडवं, बाहेरच्या दिशेने फिरवून तो जाणवतो. मुठीपासून टोकापर्यंत सलग कंगोरा आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते, मध्ये येतो आणि टोकाकडे येत नाही, कारण टोकाच्या गोलाईवर मूठ थोडी उचलावी लागते. दोन्ही बाजू झाल्या की हलक्या हाताने कंगोरा कमी करत जा, मग क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्यावर पाठ पुढे ठेवून दहा-पंधरा हात.

सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या धारवाल्याकडे स्वयंपाकाची विळी द्या, हा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ धार काही सेकंदांत तापते. पिवळसर सोनेरी रंग आला तर तिथे २२० ते २३० अंश झाले, निळा आला तर ३०० च्या आसपास. चाकूचं टेम्परिंग २०० ला झालेलं, म्हणजे रंग दिसला तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तो भाग दगडावर हळूहळू घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

गंज, आणि खंडेनवमी

ऐरोली, वाशी, बेलापूर किंवा ठाण्यात कोपरी-कळव्याकडे राहत असाल तर हवेत खाडीचं मीठ असतं आणि जून ते सप्टेंबर दमट हवा हटत नाही. या पोलादाला गंज धरायला पाऊस लागत नाही, बोटाचा ठसा पुरतो. वापरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, कापडाने पुसा, पाच मिनिटं पंख्याखाली ठेवा, मग दोन थेंब तेल. शेंगदाणा, सोयाबीन, तीळ यांची तेलं नकोत, ती हवेत चिकट होतात आणि धूळ धरतात. मेडिकलच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम: स्वस्त, चिकट न होणारं आणि अन्नाला लागलं तरी चालणारं. पावसाळ्यात वापर नसला तरी पंधरा दिवसांनी, एरवी महिन्या-दोन महिन्यांनी हात फिरवा.

चामड्याचं म्यान देखणं, पण चाकू त्यात घालून ठेवायचा नाही. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. जुलैत दोन आठवड्यांत म्यानावर बुरशी आणि पात्यावर लाल ठिपके, हे ठरलेलं. वापराला कायडेक्सचं (तापवून आकार दिलेल्या कडक प्लॅस्टिकचं) म्यान, तळाला ६ मिमी भोक पाडून घेतलेलं, पाणी निथळायला. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नका, मऊ पडून पकड सैल होते. घरात चाकू म्यानाबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा कुलपात. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास ठेवून पुन्हा वापरता येतं.

पात्यावर हळूहळू येणारा राखाडी-काळा थर हा गंज नव्हे, तो घासून काढू नका, लाल गंजाला तोच थोडा अटकाव करतो. तो लवकर आणायचा तर पातं साबणाने धुऊन, कोमट व्हिनेगरमध्ये वीस मिनिटं बुडवा, धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात फिरवा, पुसा, तेल लावा. बोल्ट सोडवून मूठ आधी काढून ठेवा. लाल ठिपका दिसला तर २००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून पात्याच्या लांबीच्या दिशेनेच घासा. आडवं घासलेल्या ओरखड्यांत पाणी थांबतं.

वर्षातून एकदा मूठ पूर्ण उघडायची. पाऊस ओसरलेला असतो आणि खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेसाठी निघतातच, तेव्हा तो दिवस सोयीचा. ॲलन चावीने बोल्ट सोडवा, दोन्ही पट्ट्या वेगळ्या करा, टँगवरचा गंज वॉटर पेपरने काढा, स्पिरिटने पुसा, मेणाचा पातळ हात द्या, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पट्ट्या परत बसवा. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला तर दुसऱ्या टोकाला फट राहते. पूजेनंतर ओलं हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं पात्यावर रात्रभर राहू देऊ नका, त्याच संध्याकाळी पुसून तेल लावा. फुलाच्या देठाखाली सकाळपर्यंत काळपट डाग पडतो, आणि तो खोल जातो.